दगडाळ ट्रेलसाठी टायर निवडताना आधी काय पाहावे: रुंदी, केसिंग, रबर की नक्षी?

वाटसरू यांचा प्रश्न

नमस्कार. माझी सायकल २९ इंची चाकांची हार्डटेल आहे; पुढे १२० मिमीचे सस्पेन्शन आणि मागे ताठ फ्रेम. सोबत आलेले टायर २.२५ इंची, क्रॉसकंट्रीसाठीचे, हलके आणि बुटक्या नॉबचे (नक्षीतल्या रबरी उंचवट्यांचे) असून आत साधी ट्यूब आहे. मातीच्या वाटांवर त्यांच्याबद्दल तक्रारीला जागा नव्हती. आता मात्र ३० किमीचा एक दगडाळ ट्रेल एका दिवसात करायचे ठरले आहे. त्यात सुमारे ९०० मीटरचा चढ, चढावर मुठीएवढ्या सुट्या दगडांचे लांबलचक पट्टे, माथ्यावर उघडा कातळ आणि उतारावर घोट्याच्या वर येतील अशा दगडी पायऱ्या आहेत.

त्याच जातीच्या एका लहान वाटेवर सराव करताना माझी कोंडी झाली. हवा ३५ पीएसआय ठेवली की पुढचे चाक दगडादगडावरून उसळते आणि वळणात बाहेर सरकते. २८ वर आणली की मागची ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटून तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. माझे वजन ७८ किलो आहे.

परिचितांकडे चौकशी केली, तर कोणी रुंद टायर घ्या म्हणाले, कोणी मोठ्या नॉबचे, तर कोणी जाड साइडवॉलचे, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचे. दोन्ही टायर बदलण्याची माझी तयारी आहे, परंतु यांपैकी कोणत्या गुणाला प्राधान्य द्यावे आणि पुढे-मागे एकच टायर लावावा की वेगवेगळे, याबद्दल जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. चढ मोठा असल्याने वजनाचीही धास्ती आहे.

कातळकडा यांचे उत्तर

आपण वर्णन केलेली अडचण नक्षीची नसून मुख्यतः केसिंगची आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. टायरवरचे रबर मनाने बाजूला काढले, तर जे विणलेले कापड उरते ते केसिंग. क्रॉसकंट्री टायरमध्ये हे कापड पातळ असते. त्यामुळे टायर सहज दबतो, चपळ पळतो आणि २९ इंची मापात साधारण ६५० ते ७५० ग्रॅममध्ये बसतो. परंतु असा टायर दगडाच्या धारेवर आदळला की आतल्या हवेखेरीज त्याला दुसरा कोणताच आधार नसतो, आणि म्हणूनच आपल्याला ३५ पीएसआयपर्यंत जावे लागते. ट्रेल प्रकारच्या केसिंगमध्ये साइडवॉलवर कापले जाण्यापासून वाचवणारा जादा थर असतो आणि वजन ९०० ते १०५० ग्रॅमच्या घरात जाते. दुहेरी कापडाचे टायर ११५० ते १३५० ग्रॅम भरतात. या वाढीव ग्रॅमच्या बदल्यात काय मिळते, तर हवा कमी ठेवूनही टायर कोलमडत नाही. आणि दगडांवरची पकड बहुतांशी कमी हवेतूनच येते.

केसिंगची नावे कंपनीगणिक बदलतात. मॅक्सिसमध्ये एक्सो, एक्सो प्लस, डबलडाउन आणि डीएच असा चढता क्रम आहे. श्वाल्बेमध्ये सुपर ग्राउंड, सुपर ट्रेल, सुपर ग्रॅव्हिटी आणि सुपर डाउनहिल. काँटिनेंटलने ट्रेल, एन्ड्युरो आणि डाउनहिल अशी सरळ नावे ठेवली आहेत. एकाच नक्षीचा टायर अनेक केसिंगमध्ये मिळतो, तेव्हा "अमुक मॉडेल दगडांसाठी चांगले" एवढे कोणी सांगितले तर ते उत्तर अर्धेच समजावे. वेष्टनावरील टीपीआय, म्हणजे एका इंचात किती धागे आहेत, हा आकडाही एकटा पाहून उपयोग नाही. १२० चे धागे बारीक आणि लवचीक व ६० चे जाड आणि चिवट हे खरे, परंतु १२० चेच कापड दुहेरी वापरले की टायर एकेरी ६० पेक्षा कितीतरी भक्कम होतो. दुकानात टायर हातात आला की साइडवॉल अंगठा आणि तर्जनीत धरून दुमडून पाहावी. क्रॉसकंट्री टायर कागदाच्या घडीसारखा मुडपतो, तर दुहेरी कापडाचा टायर दुमडताना बोटांना जोर लावावा लागतो.

आपली सायकल हार्डटेल असल्यामुळे मागच्या टायरवर दुहेरी भार येतो: शरीराचे वजन बरेचसे त्याच्यावर, आणि धक्का पचवायला सस्पेन्शन नाही. पुढचे चाक आपण डोळ्यांनी पाहून, हँडल हलके करून दगडावरून नेतो. मागचे चाक मात्र जिथे जाईल तिथे आदळते. म्हणून माझे मत असे की मागे भक्कम केसिंग घ्यावे आणि पुढे मऊ रबर.

रबराविषयी थोडे अधिक लिहितो, कारण खरेदी करताना याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. कातळावर नॉब रुतत नाही. रुतायला तिथे माती असते कुठे? पकड मिळते ती रबर खडकाच्या खरबरीतपणात शिरून त्याचा आकार घेते म्हणून. मऊ रबर हे काम चांगले करते आणि दबल्यावर सावकाश पूर्ववत होत असल्यामुळे दगडावरून लगेच उसळतही नाही. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते: ते लवकर झिजते आणि पळायला जड जाते. कडकपणा शोअर ए मापावर सांगतात. आकडा लहान तितके रबर मऊ. ६० च्या आसपासचे रबर टिकाऊ, तर ४२ च्या आसपासचे डाउनहिलच्या जातीचे. बहुतेक कंपन्या आता आकड्यांऐवजी नावे देतात. मॅक्सिसचे मॅक्सग्रिप सर्वांत मऊ, मॅक्सटेरा मधले; श्वाल्बेच्या आडिक्स मालिकेत टायरच्या मधोमध रंगीत रेघ असते, ती जांभळी असेल तर अल्ट्रा सॉफ्ट, नारिंगी असेल तर सॉफ्ट, निळी असेल तर स्पीडग्रिप आणि लाल असेल तर स्पीड. आपल्या वर्णनाच्या ट्रेलवर पुढे मधले किंवा मऊ आणि मागे त्याहून एक पायरी कडक रबर पुरेसे होईल. ओला कातळ लागणार असेल, तर पुढे मऊच घ्यावे. तिथे दुसरा कोणताही गुण त्याची जागा घेऊ शकत नाही.

नक्षीविषयी मात्र फार डोके शिणवू नये. उंच आणि विरळ नॉब भुसभुशीत मातीसाठी आणि चिखलासाठी असतात. कातळावर ते बुंध्यातून वाकतात आणि टायर पायाखालून सरकल्यासारखा वाटतो. मध्यम उंचीचे, जवळजवळ बसवलेले आणि कडेला जाडजूड आधार असलेले नॉब पाहावेत. पुढे मॅक्सिस असेगाई किंवा मिनियन डीएचएफ, मागे मिनियन डीएचआर टू किंवा डिसेक्टर, अथवा काँटिनेंटलच्या क्रिप्टोटलची पुढची आणि मागची जोडी, हे या कामाचे प्रचलित पर्याय आहेत. डीएचआर टूच्या मधल्या नॉबची मागची कड उभी असल्यामुळे उतारावर ब्रेक दाबल्यावर ती चांगली धरते, म्हणून हार्डटेलच्या मागच्या चाकाला मी त्याला झुकते माप देईन.

हलकी चाके यांचे उत्तर

वरील विवेचन बरेचसे पटते, परंतु दुहेरी कापडाचा सल्ला सरसकट घेऊ नये, असे सुचवावेसे वाटते. माझे वजन ५८ किलो आहे. माझ्यासारख्या हलक्या स्वाराखाली ताठ केसिंग दबतच नाही. ते दबावे म्हणून हवा इतकी उतरवावी लागते की वळणात टायर रिमवर डगमगू लागतो. त्यापेक्षा ट्रेल केसिंगचा टायर योग्य हवेवर मला अधिक पकड देतो. वाटसरूंचे वजन ७८ किलो असल्याने ते अगदी सीमारेषेवर आहेत, एवढेच म्हणता येईल.

दुसरे असे की टायर बदलण्याआधी ट्यूब काढून टाकण्याचा विचार व्हायला हवा. ट्यूबच नसेल तर चिमटून फाटणार काय? ट्यूबलेसमध्येही खूप जोरात आदळल्यास टायर स्वतः रिमच्या कडेवर कापला जाऊ शकतो, हे मान्य. परंतु तो धोका ट्यूब चिमटण्यापेक्षा बराच उशिरा येतो. एवढ्या एका बदलाने आपल्याला ७ ते १० पीएसआय खाली उतरता येईल.

चढाचा मुद्दाही डावलता येणार नाही. दोन चाकांना मिळून अर्धा किलो वाढवून ९०० मीटर चढायचे असेल, तर दिवसअखेरीस पाय त्याचा हिशेब मागतातच.

कातळकडा

हलक्या स्वाराबद्दलचा मुद्दा रास्त आहे, तो मीच लिहायला हवा होता, परंतु इथे आला हे बरे झाले. वजनाबाबत मात्र आकडे मांडून पाहू. स्वार, सायकल, पाणी आणि सामान मिळून सुमारे ९५ किलो धरले, तर अर्धा किलो म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. सलग चढाला दोन तास लागत असतील, तर निव्वळ वजनामुळे पडणारा फरक पाऊण मिनिटाच्याही आत राहतो. थांबून पुन्हा वेग घेताना चाकाचे वजन अधिक जाणवते हे खरे, तरीही चढावर ज्याला आपण "जड टायर" म्हणतो, तो बहुधा वजनाने नव्हे तर मऊ रबराने आणि उंच नॉबने जड झालेला असतो. म्हणूनच मागे भक्कम केसिंग आणि कडक रबर हा मेळ सुचवला होता. दगडांच्या पट्ट्यावर तर हवा कमी असलेला टायर उलट सुलभ पळतो, कारण प्रत्येक दगडावर आख्खी सायकल वर उचलण्याऐवजी तेवढाच टायर दबतो. डांबरी रस्त्यावरचा अनुभव इथे लावू नये.

वाटसरू

दोघांचेही आभार. काही मापे घेतली आहेत. रिमची आतली रुंदी २५ मिमी आहे आणि तिच्यावर ट्यूबलेस रेडी असे छापलेले आहे. सध्याच्या टायरवर ५७-६२२ हा आकडा आहे. मागे फ्रेम आणि टायर यांच्यामधून ८ मिमीची ॲलन की दोन्ही बाजूंना जेमतेम सरकते. पुढे फोर्कमध्ये भरपूर जागा आहे. २.५ इंची टायर बसेल का? आणि ट्यूबलेसचे काम घरी करणे शक्य आहे, की ते मेकॅनिककडेच द्यावे?

पान्हा-पक्कड यांचे उत्तर

५७-६२२ यातील पहिला आकडा टायरची मिमीमधील रुंदी आणि दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास सांगतो; २९ इंची चाकाला तो नेहमी ६२२ असतो. २.२५ वरून २.४ वर गेल्यास रुंदी सुमारे ४ मिमी वाढते, म्हणजे आपल्या फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना ६ मिमी उरेल. मी याहून कमी जागा ठेवत नाही, कारण नॉबमध्ये अडकलेला खडा फिरत फिरत चेनस्टे, म्हणजे मागच्या चाकालगतची फ्रेमची नळी, खरवडत जातो. मागे २.५ चा विषय इथेच संपला.

पुढे जागा असली तरी २५ मिमीच्या रिमवर २.५ लावणे योग्य नाही. मॅक्सिसचे ज्या टायरवर डब्ल्यूटी असे लिहिलेले असते, ते ३० ते ३५ मिमी आतल्या रुंदीसाठी आखलेले असतात. अरुंद रिमवर असा टायर वरून फुगतो आणि खालून आवळला जातो. कडेचे नॉब मधल्याच्या मानाने खाली झुकतात आणि वळणात कललेल्या सायकलला हवा तेव्हा आधार देत नाहीत. तेव्हा २.३ ते २.४ च्या दरम्यान राहावे, आणि मॅक्सिस घ्यायचा झाल्यास डब्ल्यूटी नसलेला २.३ इंची पाहावा. छापील रुंदी आणि प्रत्यक्ष रुंदी यांत कंपनीप्रमाणे २-३ मिमीचा फरक पडतो, म्हणून टायर बसवून, हवा भरून, दुसऱ्या दिवशी पुन्हा ॲलन की सरकवून पाहावी. नवा टायर रात्रभरात थोडा ताणला जातो.

ट्यूबलेसचे काम घरी अवश्य करता येते. रिमच्या आतली जुनी पट्टी काढून ती जागा स्पिरिटने पुसावी, कारण टेपखाली राहिलेला तेलाचा थेंबही पुढे गळतीचे कारण होतो. टेप आतल्या रुंदीपेक्षा २-३ मिमी जास्त घ्यावी, म्हणजे ती दोन्ही भिंतींवर किंचित चढते. व्हॉल्व्हचे भोक ब्लेडने कापू नये. तापवलेल्या टोकाने पाडल्यास टेप पुढे फाटत नाही. टायर चढवून कडांना साबणाचे पाणी लावावे, व्हॉल्व्हचा आतला कोअर काढून ठेवावा आणि मग पंपाने झपाझप हवा द्यावी. दोन्ही कडा फटाक् असा आवाज करून जागेवर बसतात. रिमलगत टायरवर एक बारीक रेघ उठलेली असते. ती संपूर्ण गोलाईत रिमपासून सारख्या अंतरावर दिसली की टायर नीट बसला. कुठे ती बुडालेली दिसली तर हवा सोडून तिथे पुन्हा साबण लावावा. भरताना टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये, आणि रिमवर वेगळी मर्यादा असेल तर दोहोंतील कमी आकडा पाळावा. त्यानंतर हवा सोडून कोअरच्या वाटेने प्रत्येक चाकात १०० ते १२० मिली सीलंट (बारीक भोके आतून बुजवणारा द्रव) ओतावे. सीलंट दोन ते चार महिन्यांत सुकते, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. चाक कानाजवळ धरून हलवल्यावर आत खळखळ ऐकू आली नाही, तर भर घालण्याची वेळ झाली.

सुरुवातीला पुढे २२ आणि मागे २६ पीएसआय, म्हणजे साधारण १.५ आणि १.८ बार, ठेवून पाहावे. पंपावरचे काटे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे नेहमी एकाच गेजवर मोजावे. इतरांचा आकडा हा फक्त अंदाज असतो. मग एकेक पीएसआयने बदल करत जावे. पायरी उतरताना रिम दगडाला लागून ठण् असा आवाज क्वचित आला तर चालते, वारंवार आला तर हवा वाढवावी. वळणात फुस्स होऊन रिमच्या कडेला सीलंटचे पांढरे शिंतोडे दिसले, तर त्या चाकात हवा निश्चित कमी आहे. याउलट सुट्या दगडांवर हँडल हातात थरथरत असेल, तर अजून उतरायला वाव आहे.

हलकी चाके

एक पुरवणी जोडतो. ट्यूबलेस केले तरी एक ट्यूब सोबत असू द्यावी. नॉबच्या भागातील भोक चिकट दोरीचा प्लग खुपसून बुजते. साइडवॉलवरचा चिरा मात्र बहुधा बुजत नाही, कारण तिथले कापड प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि प्लग बाहेर ढकलला जातो. अशा वेळी आतून जुन्या टायरचा पातळ तुकडा लावून ट्यूब घालावी लागते. ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोटे सावकाश फिरवून काटे शोधावेत. सीलंटने गुपचूप बुजवलेले काटे तसेच रुतून राहिलेले असतात, आणि नवी ट्यूब घातली की पहिल्याच किलोमीटरला ते तिला भोक पाडतात.

वाटसरू

फार उपयुक्त माहिती मिळाली. मागे २.३ इंची डीएचआर टू, भक्कम केसिंग आणि टिकाऊ रबरात, पुढे २.४ च्या आत बसणारा ट्रेल केसिंगचा आणि मऊ रबराचा टायर, असे ठरवत आहे. दोन्ही ट्यूबलेस. आता एकच शंका उरली: मागच्या चाकात फोमचा इन्सर्ट घालावा का? हार्डटेलसाठी काही जण तो आवश्यकच सांगतात.

पान्हा-पक्कड

इतक्यात नको. इन्सर्टचे काम रिमला मारापासून वाचवणे आणि कमी हवेत साइडवॉलला आतून टेकू देणे हे असते. त्यातले दुसरे काम आपण घेत असलेले केसिंग बरेचसे करेलच. भक्कम प्रकारचा इन्सर्ट एका चाकाला अडीचशे ग्रॅमच्या आसपास वजन वाढवतो, तो असताना टायर चढवणे-उतरवणे कष्टाचे होते, आणि वाटेत ट्यूब घालायची पाळी आली तर सीलंटने माखलेला तो फोम पाठीवर बांधून आणावा लागतो. ट्रेलच्या आधी सरावाच्या वाटेवर मागे २६ पीएसआय ठेवून उतरावे. रिम सतत लागत असेल तर आधी २८ करावी. २८ वर पकड सुटू लागली आणि २६ वर रिम वाजत राहिली, तरच इन्सर्ट मागवावा.